सुट्टी दीड महिना, बजेट दोन हजार: लेकरांना घेऊन काय करावं?

जालनेकरीण | २ मे
निकाल लागला, दप्तरं माळ्यावर गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता धाकटीनं विचारलं, "आई, आता काय करू?" अजून सहा आठवडे जायचेत.

आमची परिस्थिती सांगते. मोठा पाचवीत जाईल, धाकटी तिसरीत. भाड्याचं घर, वरचा मजला. दुपारी स्लॅब असा तापतो की पंखा गरम हवाच खाली ढकलतो. हे दुकानात कामाला, त्यांना गुरुवारी सुट्टी. सासूबाई ७६ वर्षांच्या, पण ठणठणीत. गावाकडचं घर पडलं. मामाचं गाव म्हणावं तर मामा पुण्यात एका खोलीत राहतो.

जवळच्या एका समर कॅम्पला विचारलं. दहा दिवसांचे साडेतीन हजार, एका लेकराचे. दोघांचे सात, वर टी-शर्ट वेगळा. मी अख्ख्या सुट्टीसाठी बाजूला काढलेत दोन हजार. तोवर लेकरं मोबाइल बघायलेत आणि मी ओरडायलेय.

फुकटात किंवा स्वस्तात काय काय करता येईल? महाबळेश्वर कुणी सांगू नका.

उदगीरचा भाऊ | २ मे
महाबळेश्वर नाही ताई, विहीर सांगतो. आम्ही मे महिनाभर विहिरीतच असायचो. पाठीला वाळलेल्या पांगऱ्याचा बिंडा बांधायचा, काका वरून ढकलून द्यायचा, चार दिवसांत पोहणं आलंच. खर्च शून्य. आताची लेकरं एसीत बसून गेम खेळूलालेत.

बारववेडा | २ मे
भाऊ, तेव्हा विहिरीवर चार मोठी माणसं असायची हे सांगायचं राहिलं तुमचं.

दोन शिफ्ट | २ मे
विहिरीचं जपून बोला. आता गावोगाव शेततळी झालीत, खरा धोका तिथं आहे. वरून पाणी शांत दिसतं, पण आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ, चारी बाजू उतरत्या. पोहता येणारा पोरगासुद्धा काठाला हात घालतो आणि घसरून परत आत जातो, कारण धरायला काहीच नसतं. एकाला काढायला दुसरा उतरतो. दर उन्हाळ्यात पेपरात एकाच वेळी दोन-दोन, तीन-तीन लेकरांच्या बातम्या येतात त्या यामुळंच. मी दवाखान्यात काम करते, यापेक्षा जास्त लिहीत नाही.

ज्यांच्या शेतात तळं आहे त्यांनी निदान चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर सोडा आणि त्याला जुनी ट्यूब बांधून ठेवा. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

उदगीरचा भाऊ | २ मे
पटलं ताई. आमच्या चुलत्याच्या तळ्यावर उद्याच दोर बांधतो. फोटो टाकतो इथं.

वेरूळ रोड | ३ मे
जालन्याहून वेरूळ एका दिवसात होतं. तिकडं मंगळवारी बंद असतं, (अजिंठा सोमवारी), तुमचा गुरुवार त्यामुळं उत्तम. १५ वर्षांखालच्या लेकरांना तिकीट नाही, मोठ्यांना ४० रुपये.

आता मे महिन्यात वेरूळ म्हटलं की लोक वेड्यात काढतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या, वेरूळची लेणी ज्या डोंगरात खोदलीत तो कडा पश्चिमेकडं तोंड करून आहे. सूर्य सकाळी डोंगराच्या मागं असतो, त्यामुळं लेण्यांवर सावली असते. दुपारनंतर तेच ऊन थेट तोंडावर येतं. म्हणून आठ-साडेआठला पोचायचं आणि बाराच्या आत निघायचं. बहुतेक लोक नेमके उलटे येतात, अकराला उतरतात आणि तीनला भाजून परत जातात.

आणि ३४ लेणी बघायला जाऊ नका! लेकरांना तीन पुरेत. आधी सोळा नंबर, कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. डोंगर वरून खाली कोरत आणलाय, आधी कळस मग पाया. लेकरांना तिथं उभं करून एकच विचारा, कारागिराचा हात चुकला असता तर? चिकटवायला दुसरा दगड नव्हता. मग दहा नंबर. तिथलं छत दगडाचं आहे, पण लाकडी वाशांसारखं कोरलंय, म्हणून त्याला सुतार का झोपडा म्हणतात. शेवटी बत्तीस नंबर, जैन लेणं, थोडं लांब आहे. पाय दुखत असतील तर सोडून द्या.

जालनेकरीण | ३ मे
वा! ही सावलीची गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती. आणि एसटीत महिलांना अर्धं तिकीट, लेकरांना १२ वर्षांपर्यंत अर्धं, सासूबाईंना ७५ च्या पुढं म्हणून फुकट. म्हणजे घरात पूर्ण तिकीट फक्त यांचंच. हे ऐकून त्यांचं तोंड बघण्यासारखं झालंय.

अर्धं तिकीट | ३ मे
+१. माझ्या नवऱ्याचंही तेच. मार्च २०२३ पासून आमच्या घरी सगळे प्रवास मी ठरवते.
सासूबाईंचं आधार कार्ड तेवढं सोबत ठेवा, कंडक्टर मागतो.

बारववेडा | ३ मे
आता माझा विषय. जालना-परभणी रेल्वेमार्गावर सेलू आहे, सेलू तालुक्यात वालूर. तिथली बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बघा. आपल्याकडच्या बहुतेक बारवा चौकोनी, पायऱ्या सरळ उतरतात. वालूरची गोल आहे आणि पायऱ्या चक्राकार फिरत खाली जातात, वरून बघितलं तर शंखात डोकावल्यासारखं वाटतं. तुमच्याकडून मंठ्यावरून जिंतूरकडं निघालात तर चारठाणा. तिथं बारव आहे आणि गावभर जुनी मंदिरं विखुरलीत. तिकीट कशालाच नाही.

लेकरांना कामाला लावा. बारवेला उतरायची वाट एकच असेल तर ती नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन जया, चार विजया. जुन्या शिल्पग्रंथांतली नावं आहेत ही. लेकरं वाटा मोजतात, पायऱ्या मोजतात, देवकोष्ठं (भिंतीतले मूर्तींचे कोनाडे) मोजतात, वहीत नकाशा काढतात. माझ्या भाचीनं एका उन्हाळ्यात चार गावांच्या बारवा वहीत काढल्या, आणि त्यातली एक तर आमच्याच गावात कचऱ्याखाली होती. आजोबा म्हणायचे तिथं गाव पाणी भरायचं. आम्हाला ती कचराकुंडीच वाटायची.

दोन सूचना. कोपऱ्यात आग्या मोहोळ आहे का ते आधी बघा. आणि शेवटच्या ओल्या पायऱ्यांवर लेकरांना उतरू देऊ नका.

चीकखाऊ | ४ मे
सगळे बाहेरच काय काढायलात? उन्हाळ्याचा खरा खेळ गच्चीवर असतो. कुरडया!

मी दरवर्षी लातूरहून आईकडं जाते फक्त यासाठी. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं. हे काम लेकरांचं. तिसऱ्या दिवशी त्याला असा वास सुटतो की लेकरं नाक धरून पळतात आणि पुन्हा वास घ्यायला येतात. मग वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर ठेवायचा. सकाळी वरचं पाणी अलगद ओतायचं, खाली पांढरा घट्ट थर बसलेला असतो. धाकट्याला वाटतं ही जादूच. शिजवताना हाताला ढवळणं सोसत नाही, तेवढं मोठ्यांनी करायचं. पण शिजलेला पहिला चीक वाटीत, वर कच्चं तेल, किंचित मीठ. त्या वाटीसाठी आमच्याकडं भांडणं झालीत.

सोऱ्या फिरवायला लेकरांना द्याच. पहिल्या दहा कुरडया वेड्यावाकड्या होतील, त्या त्यांच्या नावानं वेगळ्या ठेवा. दिवाळीत त्याच आधी तळायच्या. कावळे हाकलायला धाकटीला काठी देऊन सावलीत बसवा, साडेआठ ते साडेदहा तिचा वेळ छान जातो. गहू, तेल, मीठ घरचंच.

दोन शिफ्ट | ४ मे
सगळं वाचलं. सगळं छान आहे आणि चीक मलाही आवडतो. पण एक विचारू का? या धाग्यावर जे जे फुकट म्हणून चाललंय त्यात एक बाई दिवसभर घरी आहे असं धरलंय. गहू भिजवणारी, वेरुळाला डबा करणारी, कावळ्यावर नजर ठेवणाऱ्या पोरीवर नजर ठेवणारी.

मी नांदेडला आहे. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारची. मुलगा नऊ वर्षांचा, घरी आम्ही दोघंच. समर कॅम्पला साडेतीन हजार मी हौसेनं भरत नाही. कुणीतरी चार तास त्याच्याकडं बघेल म्हणून भरते. मला स्वस्त छंद नको आहेत, मला सावली आणि एक माणूस पाहिजे.

उदगीरचा भाऊ | ४ मे
एकदम खरं बोललात ताई.

अंबाजोगाईचे गुरुजी | ४ मे
दोन शिफ्ट यांच्या पोस्टवर लिहितो. मी ३१ वर्षं प्राथमिकला शिकवलं, आता निवृत्त आहे. आमच्या गल्लीत हाच प्रश्न होता. चार घरांत मिळून नऊ लेकरं. आम्ही पाळी लावली. सकाळी साडेसात ते साडेदहा रोज एक मोठा माणूस नऊ लेकरांचा. सोमवारी मी, मंगळवारी समोरच्या आजी, बुधवारी टेलरकाम करणाऱ्या ताई, त्या लेकरांना चिंध्या आणि सुई देऊन बसवतात. ज्यांना इतर दिवशी जमत नाही ते रविवारी. एक ताई रात्रपाळीच्या, त्या पाळी घेत नाहीत, त्या आठवड्याला सगळ्यांना मुरमुऱ्याचा चिवडा देतात. कुणी हिशोब करत नाही, पण तीन उन्हाळे झाले, मोडलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात एक भांडण झालं होतं, कारण एका घरानं पाहुण्यांची लेकरंही आणून सोडली. तेव्हापासून नियम एकच, पाहुणं लेकरू आलं तर सोबत पाहुणा मोठा माणूस पण आला पाहिजे.

जागा म्हणाल तर ग्रंथालय बघा. गावागावात शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं आहेत, अ-ब-क-ड वर्गाची. मे महिन्यात ती ओस पडलेली असतात. आमच्या ग्रंथपालांना विचारलं तर ते म्हणाले, "या की, पंखा चालूच असतो." फी नाममात्र. घरी इंटरनेट असेल तर बालभारतीचे 'किशोर' मासिकाचे जुने अंक, १९७१ पासूनचे, त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मोबाइल हातात आहेच तर त्यावर ते वाचू द्या.

आणि आता एक गंमत, जी फक्त मे महिन्यात जमते. शून्य सावली. आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात एक दिवस असा येतो की भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाते. दिल्लीत हे कधीच होत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे. आपल्याकडं वर्षातून दोनदा होतं, पण दुसऱ्यांदा जुलैत, तेव्हा ढग. सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेला सरकतो, म्हणून दक्षिणेकडच्या गावांत आधी. धाराशिव १२ मे, लातूर १३, अंबाजोगाई १४, बीड १५, नांदेड १६, जालना आणि संभाजीनगर १९. एखादा दिवस मागंपुढं धरा, फरक डोळ्याला दिसत नाही. वेळ बाराची नाही! आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेली, आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपली खरी दुपार उशिरा होते. नांदेडला साधारण १२.१७, लातूरला १२.२०, जालन्याला १२.२३, संभाजीनगरला १२.२५.

पाण्याचा गडू, सरळ बाटली, पाइपचा तुकडा, काहीही उभं करा. बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण. पायात चपला, डोक्याला रुमाल, आणि सूर्याकडं अजिबात बघायचं नाही. १२.४० ला सगळे खाली, पन्हं प्यायला.

वेरूळ रोड | ४ मे
गुरुजी, मी चाळिशीचा आहे आणि हे मला आत्ता कळतंय.

दोन शिफ्ट | ५ मे
गुरुजी, आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर पाळीचं टाकलं. तीन घरं तयार झाली. चौथ्यानं अंगठा दाखवलाय, तो होकार समजावा का माहीत नाही.

माझ्याकडूनही एक सांगते. नांदेडला येणारांनी सचखंड गुरुद्वारा बघाच. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये इथंच गुरू ग्रंथसाहिबला गुरुगादी दिली, म्हणून जगभरातून लोक येतात. लंगर सगळ्यांना खुला, कुणी जात-गाव विचारत नाही. पण नुसतं जेवून येऊ नका. लेकरांना सेवेला बसवा. माझा मुलगा घरी स्वतःचं ताट उचलत नाही, तिथं डोक्याला रुमाल बांधून तासभर ताटं धूत होता. मी बाजूला उभी राहून नुसती बघत होते.

चीकखाऊ | ५ मे
घरी आल्यावर उचललं का ताट?

दोन शिफ्ट | ५ मे
नाही :)

जालनेकरीण | ९ मे
काल वेरूळ झालं. खरं खरं सांगते.

पहाटे साडेपाचची एसटी. मोठ्याला चिकलठाण्याच्या अलीकडं उलटी झाली, पिशवी तयार होती म्हणून निभावलं. पावणेनऊला पोचलो. सावली खरोखर होती! कैलासात आत गेलो तर दगड गार. सासूबाई हत्तीजवळच्या पायरीवर बसल्या त्या उठेनात. म्हणाल्या, "तुम्ही फिरून या, मी इथं बरी आहे." तासाभरानं आलो तर त्यांच्याभोवती सोलापूरकडच्या चार बायका बसलेल्या, गप्पा चाललेल्या. मोठ्यानं "हात चुकला असता तर?" यावर भरपूर विचार करून उत्तर दिलं, "मग त्यांनी तिथं वेल कोरली असती." दहा नंबरमध्ये धाकटीनं एकदा ओरडून बघितलं, आवाज घुमला, मग दहा वेळा ओरडली. वॉचमननं डोळे वटारले.

बत्तीस नंबर राहिला. दशम्या माकडानं नेल्या. सगळ्या.

खर्च एसटी आणि तिकिटं मिळून साडेनऊशेच्या आसपास, शिवाय माकडामुळं वडापाव. म्हणजे अर्धं बजेट एका दिवसात गेलं.

अर्धं तिकीट | ९ मे
संभाजीनगरपर्यंत पॅसेंजर रेल्वेनं गेला असतात तर बरेच वाचले असते.

जालनेकरीण | ९ मे
हो, पण सासूबाईंना एसटीचं शून्य रुपयांचं तिकीट हातात धरायचं होतं. ते त्यांनी पाकिटात जपून ठेवलंय.

बारववेडा | ९ मे
पुढच्या वेळी वालूर. तिथं माकडं नाहीत. (बहुतेक.)

जालनेकरीण | १३ मे
उरलेल्या पैशांतून आता काहीच जात नाही, म्हणून लिहायला आले. सासूबाईंनी चंगअष्टा काढला. फरशीवर खडूनं पाच बाय पाचची घरं, चारी बाजूंच्या मधल्या घरात आणि मध्यभागी फुल्या. कवड्या नव्हत्या, म्हणून चिंचोके. चिंचोक्याची एक बाजू खरखरीत दगडावर घासायची, काळं साल जाऊन पांढरं दिसेपर्यंत. चार चिंचोके घासायला लेकरांना पाऊण तास लागला. आणि हो, घासून तापलेला चिंचोका दुसऱ्याच्या दंडाला लावायचा, चटका! हे त्यांना मी शिकवलं नव्हतं, सासूबाईंनी शिकवलं. घरात दोन दिवस किंचाळ्या.

चार पांढरे पडले की चंग, चार काळे पडले की अष्टा, दोन्हींवर पुन्हा डाव. सासूबाई फसवतात. मोठ्यानं पकडलं तर म्हणतात, "मला दिसत नाही बाबा नीट." सुईत दोरा ओवताना दिसतं.

रात्री गच्चीवर झोपतो आता. सप्तर्षीच्या शेपटीची कमान पुढं ओढत नेली की स्वाती, आणखी पुढं चित्रा, एवढं मला यांनी दाखवलं. लग्नाला तेरा वर्षं झाली, यांना तारे माहीत आहेत हे मला माहीत नव्हतं.

उदगीरचा भाऊ | १३ मे
दोर बांधला. दोन बाजूंनी ट्यूब पण. चुलता म्हणाला, "हे आधीच करायला पाहिजे होतं." फोटो चढत नाहीये.

दोन शिफ्ट | १६ मे
१२.१७. आमच्या पार्किंगच्या वर, सात लेकरं, अंगठा दाखवणारे काकापण आले. सगळे बाटल्या घेऊन आले होते, पण माझ्या मुलानं माझी औषधांची बाटली आणली, कारण ती "एकदम सरळ" आहे. सावली गेली तेव्हा कुणी ओरडलं नाही. सगळे खाली वाकून बघत राहिले. मी ड्युटीवर होते, व्हिडिओ बघितला.

जालनेकरीण | १९ मे
आमचीही आज झाली. आमच्या बिल्डिंगमधली दोन घरं आणि खालच्या दुकानदाराची दोन लेकरं, अशी मिळून सहा जमली. पाळीही तशीच लागलीय गेल्या सोमवारपासून, बुधवार माझा.

गडू, मोठ्याचा कंपासचा डबा, आणि सासूबाई स्वतः काठी टेकून. त्यांना सांगितलं, तुम्ही खाली थांबा, ऊन आहे, तर म्हणाल्या, माझी काठीच सगळ्यात सरळ आहे. छत्री धरून आल्या, नेमकी छत्रीचीच सावली काठीवर पडायला लागली. धाकटीनं छत्री काढून घेतली. १२.१० ला काठीची सावली बोटभर होती. १२.२० ला नखाएवढी. मग काठीच्या टोकाला लावलेल्या रबराखाली गेली. धाकटी आजीच्या पायाशी बसून म्हणाली, "आजी, तुझीपण गेली." सासूबाईंनी खाली बघितलं, चपलांभोवती थोडी काळी कड तेवढी होती. मग आम्ही पळालो, फरशी फार तापली होती.

१४ जूनपर्यंत अजून आहेच. वालूरला पुढच्या गुरुवारी रेल्वेनं जातोय, बारववेडा, सेलूहून पुढं जीप किती वाजेपर्यंत मिळते ते सांगा. आणि शेजारणीनं चिंचोके म्हणून पिशवीभर आणून दिलेत, किलोच्या वर असतील. कुणाला पाहिजे असतील तर जालन्यात येऊन घेऊन जा.